टाक्यांची गोष्ट

बॉस्टनमधल्या पहिल्या हिवाळ्यात मी स्वस्तातले बूट घेतले आणि महिन्याभरात मोजे भिजू लागले. तेव्हापासून बूट हातात आला की रबर आणि चामडं जुळतं तिथली शिवण मी आधी अंगठ्याने दाबून बघते.

याच शिवणीने १९१२ साली मेन राज्यातल्या लिऑन बीनचा घात केला. शिकारीत पाय ओले होतात म्हणून त्याने खाली रबर, वर चामडं असा हलका बूट काढला. पहिल्या १०० जोडांपैकी ९० टाक्यांशी फाटून परत आले. त्याने गिऱ्हाइकांचे पैसे परत केले, कर्ज काढलं, रबर सुधारलं. केवढी हिंमत ही!

माझ्या आताच्या जोडाला परवा नवा तळ बसवून घेतला. वरच्या चामड्यावर माझ्या पावलाच्या घड्या तशाच आहेत.