तांब्यापासून वाफेपर्यंत

वीज घरोघरी पोचण्याआधी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत इस्त्रीचं काम पितळी तांब्याने केलं. चुलीतले रसरशीत निखारे त्यात भरायचे, बूड लख्ख पुसायचं, काठ सांडशीत पकडायचा आणि सदऱ्यावरून फिरवायचा. तेवढीही सवड नसली, तर कपडा घडी घालून रात्रभर गादीखाली.

परिटाची इस्त्री म्हणजे कसबाचं काम. जाड, वजनदार, लाकडी मुठीची, पोटात पेटता कोळसा. राखेचा एक कण शुभ्र धोतरावर पडला तरी सगळी मेहनत वाया जायची. म्हणून परीट आधी बाजूला जाऊन राख झाडून घेई. मग कपड्यावर पाण्याचा हबका. खरी किमया तिथेच होती. ओल आणि उष्णता मिळाली की सुती धाग्यातले बंध सैल होतात, वरच्या वजनाने धागे सपाट बसतात आणि सुकताना तसेच राहतात. वाफेची इस्त्री बाजारात येण्याच्या कितीतरी आधी वाफ आणि दाब यांची सांगड परिटाने घातलेली होती!

न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी विजेच्या इस्त्रीचं पेटंट १८८२ साली मिळवलं. वाफेची इस्त्री विसाव्या शतकातली.

आजच्या उभ्या स्टीमरमध्ये वाफ आहे, भार नाही. रेशमी साडी, जरीचा पदर, शिवलेला कोट यांना तो मानवतो. खळ दिलेल्या सुती साडीला मात्र इस्त्रीच हवी. मुंबई-पुण्यात इस्त्रीवाल्यांच्या टेबलांवर कोळशाची इस्त्री अजून दिसते. काहींनी गॅसवर चालणारी घेतली आहे.