दूरसंचाराची यंत्रे आणि राष्ट्रीय सुरक्षा : प्रस्तावना

या विषयाकडे वळणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न घेऊन येतो: हुआवे या चिनी कंपनीच्या यंत्रांत चोरवाट आहे की नाही? प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याचे होय किंवा नाही असे उत्तर मिळवायला निघालेल्या सगळ्यांत चिकाटीच्या देशाचे काय झाले, ते आधी पाहावे.

बीटी या ब्रिटिश कंपनीने 2005 मध्ये हुआवेशी करार केला. पुढे 2010 मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या बॅनबरी गावी एक तपासणी केंद्र उघडले. व्यवस्था मोठी चमत्कारिक होती: केंद्र हुआवेचे, पगार हुआवेचा, आणि तपासणारे मात्र ब्रिटिश सरकारने पारखून घेतलेले. 2014 पासून त्यावर देखरेख मंडळ बसले. मंडळाचा 2019 चा अहवाल वाचताना हेरकथेची अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होते. त्यात सापडतो तो गबाळेपणा. 4जी बेस स्टेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनएसएसएल या एकाच सुरक्षा संचाच्या 4 वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या 70 पूर्ण प्रती पडून होत्या, काही तर फारच जुन्या. या दोषांमागे चिनी सरकारचा हात असल्याचे ब्रिटिश सायबर यंत्रणेला वाटत नव्हते. अर्थात, निष्काळजीपणाने राहिलेले भोक आणि मुद्दाम ठेवलेले भोक यांत घुसणाऱ्याला काहीच फरक पडत नाही.

माझ्या मते त्याहून गंभीर गोष्ट दुसरीच होती. बॅनबरीत वाचला जाणारा सोर्स कोड आणि देशभरच्या जाळ्यात प्रत्यक्ष चालणारे सॉफ्टवेअर एकच आहे, याची खात्री तपासनीसांना देता येत नव्हती. कृतीची वही तपासायला मिळाली, पण ताटात वाढलेले त्याच कृतीने रांधले होते का, हे कोणी सांगावे? जानेवारी 2020 मध्ये ब्रिटनने जाळ्यातील हुआवेच्या वाट्यावर 35 टक्क्यांची मर्यादा घातली. त्याच वर्षी जुलैत, हुआवेवरचे अमेरिकेचे निर्बंध कडक झाल्यावर, 2027 अखेर 5जी जाळ्यातून तिची यंत्रे पूर्ण काढण्याचा निर्णय झाला.

दुसरे प्रकरण अथेन्सचे. तिथली यंत्रे स्वीडनच्या एरिक्सनची, म्हणजे कोणाच्याही भुवया न उंचावणारी. व्होडाफोनच्या ग्रीसमधल्या एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगची सोय सॉफ्टवेअरबरोबर आलेली होती; ती हाताळणारी आणि नोंदी ठेवणारी प्रणाली मात्र कंपनीने घेतलेली नव्हती. अज्ञातांनी आत शिरून तीच सोय वापरली आणि पंतप्रधान कोस्तास करामानलिस यांच्यासह शंभराहून अधिक जणांचे फोन ऐकले. 2005 च्या सुरुवातीला काही एसएमएस पोहोचेनात, म्हणून शोधाशोध झाली आणि बिंग फुटले. 2024 मध्ये ‘सॉल्ट टायफून’ या चिनी हॅकर गटाने अमेरिकी कंपन्यांच्या जाळ्यांत शिरकाव केल्याचे उघड झाले, तेव्हाही टॅपिंगच्या यंत्रणाच धोक्यात आल्या होत्या. सरकारने स्वतःसाठी करून घेतलेल्या दाराला पुरवठादाराचे राष्ट्रीयत्व विचारून कुलूप लागत नाही.

मग राष्ट्रीयत्व गैरलागू का? तसेही नाही. यंत्र बसवले की संपले, असे दूरसंचारात होत नाही. अपडेट आणि देखभालीसाठी पुरवठादाराचा हात वर्षानुवर्षे आत असतो. त्या हाताला हुकूम कोण देऊ शकतो, हा खरा प्रश्न. चीनच्या 2017 च्या गुप्तवार्ता कायद्याचे सातवे कलम संस्था आणि नागरिकांवर सहकार्याचे बंधन घालते. ऑगस्ट 2018 मध्ये ऑस्ट्रेलियाने 5जीबाबत निर्णय घेताना परकीय सरकारच्या हुकमाखाली येऊ शकणारे पुरवठादार, अशीच भाषा वापरली. कंपनीचे नाव त्यात नव्हते. स्नोडेनने फोडलेल्या गोपनीय कागदपत्रांतून मात्र हेही उघड झाले की अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर यंत्रणेने खुद्द हुआवेच्या सर्व्हरमध्ये प्रवेश मिळवला होता. या विषयात सोवळे कोणीच नाही.

भारताची वाट वेगळी अभ्यासण्याजोगी आहे. 2010 मध्ये आपण पुरवठादारांकडे सोर्स कोड त्रयस्थाकडे ठेवण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षी अटी सैल कराव्या लागल्या. डिसेंबर 2020 च्या निर्देशाने भर वस्तूच्या तपासणीवरून पुरवठ्याच्या उगमाकडे वळवला, आणि 15 जून 2021 पासून नव्याने जोडायचे उपकरण ‘विश्वसनीय स्रोता’चेच असावे असे बंधन आले. कोणत्याही देशाचे नाव न घेता हे साधले आहे. आधीपासून बसलेली यंत्रे काढण्याची सक्ती मात्र नाही, आणि संशोधकाला सर्वाधिक काम इथेच आहे.

अभियंता, वकील, राज्यशास्त्राचा विद्यार्थी, कोणीही यावे. सुरुवात बॅनबरीच्या अहवालांपासून करावी: ते जाहीर आहेत, छोटे आहेत, आणि अभियंत्याखेरीज इतरांनाही बव्हंशी कळतात. कायद्याच्या वाचकाने त्यांच्या जोडीला भारताचा परवाना करार आणि त्यातल्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या हाताशी ठेवाव्यात. ती भाषा रुक्ष आहे, पण तपासणीचा अधिकार कोणाला आणि खर्च कोणाचा, हे तिथेच ठरते.