माडी : पेय, आंबवण आणि अबकारी
(म्हसळा परिसर व कुलाबा किनाऱ्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाला वसलेले म्हसळा हे गाव आज माणगावहून श्रीवर्धन, दिवेआगर व हरिहरेश्वर येथे जाणाऱ्या प्रवाशांना वाटेतला थांबा म्हणून परिचित आहे. १९४८ पर्यंत ते जंजिरा संस्थानातील एका महालाचे मुख्य ठिकाण होते. कुलाबा जिल्हा, ज्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, आणि हे संस्थान यांचा उल्लेख मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये एकाच खंडात (१८८३) येतो. भूगोल एकच, पीक एकच, मात्र राज्यकर्ते दोन, अशी ही स्थिती होती. या किनाऱ्यावरील नारळीच्या बागांतून निघणाऱ्या माडीचा इतिहास आजवर प्रामुख्याने मद्यपान, महसूल आणि दारूबंदी या तीन अंगांनी अभ्यासला गेला. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. माडी ही वाटसरूची तहान भागवणारी वस्तू होती, तशीच ती घरच्या सणावारी पीठ फुगवणारीही होती. सरकारी दप्तरात तिची पहिली बाजू ठळकपणे नोंदली गेली. दुसरीची नोंद करण्याचे कारणच कोणाला पडले नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजू एकत्र पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

माड, ताड आणि शिंदी

बोलीभाषेत या पेयांची नावे झाडांवरून पडलेली आहेत. नारळाचे झाड म्हणजे माड, त्याची ती माडी. ताडाची ती ताडी. शिंदीच्या झाडाची ती शिंदी. भेरली माडापासूनही असा रस काढला जातो. इंग्रजांनी मात्र 'ताडी' हा एकच शब्द उचलला, त्याचे 'टॉडी' केले आणि सर्व झाडांचा रस त्यात कोंबला. पुढे कायद्यातही हाच शब्द रूढ झाला. किनाऱ्यावरच्या माणसाला माडीची आणि ताडीची चव वेगळी, हंगाम वेगळा आणि उपयोगही वेगळा वाटतो, ही गोष्ट त्या एका शब्दात हरवली.

माडी काढण्याचे काम परंपरेने भंडारी समाजाकडे होते. माडाची पोय उमलण्यापूर्वी ती दोरीने आवळून बांधायची, रोज हलक्या हाताने ठोकायची आणि धारदार कोयतीने तिच्या टोकाची पातळ चकती कापायची. मग त्या जखमेतून झिरपणारा रस खाली बांधलेल्या मडक्यात साठतो. सकाळ-संध्याकाळ झाडावर चढावे लागते आणि एकही फेरी चुकवून चालत नाही. मडक्याला आतून चुना लावला आणि रस पहाटेच उतरवला तर तो गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर हवेतील व मडक्यातील किण्व लगेच कामाला लागते. ताज्या रसात सुमारे १२ ते १६ टक्के साखर असते. काही तासांतच तिचे अल्कोहोल होऊ लागते आणि दिवस कलेपर्यंत रसात चार ते सहा टक्के मद्यांश तयार होतो. म्हणजे तीव्रतेच्या दृष्टीने माडी ही साध्या बिअरच्या जवळपास येते. दुसऱ्या दिवशी ती आंबट होते आणि त्यानंतर तिचा शिर्का होतो. कोकणची ही 'स्थानिक बिअर' बाटलीत भरून दूर पाठवता येत नव्हती, ती ज्या गावी निघाली त्याच गावी आणि त्याच दिवशी प्यावी लागे. वाटसरूला प्रत्येक मुक्कामी वेगळी चव मिळे, ती यामुळेच.

ज्या पोयीतून माडी काढली तिला नारळ लागत नाही. त्यामुळे बागायतदारापुढे प्रत्येक झाडामागे एक हिशेब असे : नारळ की माडी? झाड भंडाऱ्याला खंडाने द्यायचे की फळासाठी राखायचे? हा प्रश्न पुढे अबकारी खात्याने बागायतदाराच्या हातून काढून घेतला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रवाशांच्या नोंदी

परदेशी प्रवाशांनी या झाडाकडे मोठ्या कुतूहलाने पाहिले. गोव्यात राहणारा आणि मुंबई बेटाचा पट्टा ज्याच्याकडे होता तो पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात माडांचे दोन वर्ग सांगितले आहेत. काही फळासाठी राखतात, काही सुरेसाठी. सुरेपासून गाळलेल्या मद्याला तो 'उर्राक' म्हणतो. वैद्य असल्यामुळे त्याचे लक्ष गुणधर्मांकडे आहे, नीतीकडे नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलेला डच प्रवासी लिन्सखोटेन यानेही माडाचे असेच तपशीलवार वर्णन केले. या लेखकांच्या दृष्टीने माड हे एकाच वेळी अन्न, पेय, तेल, दोरखंड आणि छप्पर देणारे झाड होते. त्यातून एक पेय वेगळे काढून त्याचा खटला चालवावा, असे त्यांना वाटले नाही. तीनशे वर्षांनंतरच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनात हा सूर पूर्णपणे बदललेला दिसतो.

स्वयंपाकघरातील माडी

या विषयाचा सर्वांत समृद्ध, आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग हाच आहे. पावाचे तयार यीस्ट बाजारात येण्यापूर्वी पश्चिम किनाऱ्यावर पीठ फुगवण्याचे एक सहज उपलब्ध साधन म्हणजे माडी. गोव्यात पोर्तुगीजांना गव्हाचा पाव हवा होता, पण आंबवण नव्हते. तेथील पोदेरांनी पिठात माडी घातली आणि गोव्याचा पाव जन्माला आला. ख्रिस्ती घरांतील सण सान्नांशिवाय होत नाही. तांदूळ व नारळ वाटून त्यात माडी घालायची, पीठ फुगू द्यायचे आणि वाफेवर शिजवायचे. वसई-साष्टी भागातील ईस्ट इंडियन समाजाचे लग्नप्रसंगीचे फुगे पूर्वी माडी-ताडीवरच फुगत असत.

म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यात याच कुळातला पदार्थ कोकणी मुसलमान घरांत आढळतो : सांदण. तांदळाचे आंबवलेले, वाफवलेले, पांढरेशुभ्र व जाळीदार सांदण नारळाच्या गोड दुधासोबत किंवा मटणाच्या रश्शाबरोबर खाल्ले जाते आणि पाहुणे आले, ईद आली की ते आवर्जून होते. येथे नावाचा एक गमतीचा भाग नोंदवण्याजोगा आहे. कोकणातील हिंदू घरांत सांदण म्हटले की फणसाचा रस व तांदळाचा रवा यांचा गोड वाफवलेला पदार्थ डोळ्यांपुढे येतो. त्यात माडीचा संबंध नाही. नाव एक, वाफ एक, पण आंबवण एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही.

मद्य ज्या धर्मात पेय म्हणून निषिद्ध, त्या घरांत माडी कशी चालत असे, असा प्रश्न सहज पडतो. त्याचे उत्तर प्रत्येक घराने आपापल्या परीने काढले असावे. कोठे पहाटेची गोड नीरा पिठात घालून ती तेथेच आंबू दिली जाई. कोठे साखर घालून आंबवलेले नारळाचे पाणी वापरत. आणि जेथे माडी घातली जाई तेथेही ती पेल्यातून नव्हे, पिठातून येत होती व वाफेवर तिचा मद्यांश बहुतांशी उडून जात होता. माडी काढणारा भंडारी हिंदू, सांदण करणारी गृहिणी मुसलमान. या किनाऱ्यावरील व्यवहाराचा हा धागा कोणत्याही संस्थानी फर्मानापेक्षा अधिक टिकाऊ होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

अबकारीचे राज्य

पेशवाईत मद्यावर निर्बंध होते. न्या. म. गो. रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशींवर लिहिलेल्या प्रस्तावनेत (१९००) या धोरणाची व त्यातील सवलतींची दखल घेतली आहे. पुण्यात कडक आणि किनाऱ्यावर सैल, असे या धोरणाचे स्वरूप होते. किनाऱ्यावर माडांच्या पट्टीतून सरकारला उत्पन्न होते, हे त्यामागील व्यावहारिक कारण दिसते.

इंग्रजी अमलात सुरुवातीला मक्त्याची पद्धत चालू राहिली. खरा बदल झाला तो १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने रचलेल्या नव्या व्यवस्थेत मद्यनिर्मिती मोजक्या भट्ट्यांत एकवटली गेली, विक्रीचे मक्ते लिलावाने दिले गेले आणि रस काढल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडावरील कर अनेक पटींनी वाढवण्यात आला. या वाढीमागील तर्क सरळ होता. उरण येथे मोहाच्या फुलांपासून दारू गाळणाऱ्या मोठ्या भट्ट्या होत्या. त्यांच्या दारूवर कर वसूल करणे सोपे, कारण ती एका जागी तयार होते आणि पिंपात मोजता येते. माडी मात्र हजारो झाडांवर, रोज दोनदा, वेगवेगळ्या हातांनी उतरते. तिच्यावर नजर ठेवणे महाग पडे. म्हणून ती महाग करणे सोयीचे ठरले. सौम्य पेय महागले आणि गाळलेली तीव्र दारू तुलनेने सुलभ झाली. संयमाच्या नावाखाली झालेला हा उलटा परिणाम भारतीय नेत्यांच्या टीकेचा विषय बनला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेकडे शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध आक्षेप नोंदवला होता, तो याच काळातला.

१८८० च्या दशकात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष प्रकट झाला. वाढीव कराने भंडाऱ्यांच्या एका मोठ्या वर्गाचा परंपरागत धंदा परवडेनासा झाला. दुसरीकडे शेतकरी व आगरी वस्त्यांत सरकारी दुकानांतील दारूवर बहिष्कार घालण्याचे प्रयत्न झाले. हा बहिष्कार दारूविरुद्ध होता की करारांविरुद्ध, यावर अभ्यासकांत मतभेद संभवतात. परंतु ज्या प्रदेशात सणाला आपल्या दारची माडी पिण्याची रीत होती, तेथे मक्तेदाराच्या दुकानातून बाटली विकत घेण्याची सक्ती हे अपमानाचेच कारण होते. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. झाडावरून पडलेले फूल उचलणे हा गुन्हा ठरू शकतो, हे जंगलपट्टीतील लोकांना प्रथमच कळले.

सरहद्दीवरील लहान संस्थानांची अबकारी आपल्या दरांशी जुळती असावी, हा इंग्रज सरकारचा सातत्याचा आग्रह होता. संस्थानात माडी स्वस्त आणि शेजारच्या रोहा-माणगावात महाग असेल तर खाडी ओलांडून चोरटा व्यापार होणार, ही भीती त्यामागे होती. नकाशावरची सीमा माडाला कळत नव्हती, अबकारी शिपायाला मात्र ती कळणे भाग होते.

दारूबंदी आणि त्यानंतर

१ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात पहिल्यांदा दारूबंदी आली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण बंदी लागू झाली. जंजिरा संस्थान तत्पूर्वीच, १९४८ मध्ये, मुंबई राज्यात विलीन झाल्यामुळे म्हसळ्यालाही तोच कायदा लागू झाला. कायद्याच्या व्याख्येत मद्यार्क, वाइन, बिअर आणि ताडी एकाच ओळीत आले. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बहुतांशी वैध ठरवला, मात्र मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांपुरत्या काही तरतुदी रद्द केल्या. म्हणजे औषधाच्या बाटलीसाठी आणि सुगंधाच्या कुपीसाठी युक्तिवाद झाला. पिठात पडणाऱ्या वाटीभर माडीसाठी कोणी न्यायालयात जाणार नव्हते. ती वापरणाऱ्या स्त्रियांचा आवाज अबकारीच्या शंभर वर्षांच्या कागदपत्रांत ऐकू येत नाही, तो येथेही आला नाही.

गांधीवादी कार्यकर्त्यांनी यातून नीरा व ताडगुळाचा मार्ग सुचवला. नीरा केंद्रे निघाली, शहरांत ती चाललीही. परंतु सांदणाला किंवा सान्नाला हवी असते ती आंबू लागलेली नीरा, आणि कायद्याची नेमकी त्याच क्षणाशी हरकत होती. या रेट्याखाली घरांनी पर्याय शोधले : यीस्टची पुडी, खाण्याचा सोडा, आंबवलेले नारळपाणी. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता व तेथे माडीला अशी बंदी नव्हती. त्यामुळे एकाच किनाऱ्यावर दोन प्रकारची स्वयंपाकघरे तयार झाली. दक्षिणेकडे माडीचा वास असलेली, उत्तरेकडे यीस्टचा.

१९६० च्या दशकाच्या मध्यापासून महाराष्ट्रात बंदी शिथिल होत गेली आणि माडीला परवान्याने पुन्हा जागा मिळाली. तोपर्यंत कोयती हातात धरणारी एक पिढी मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत पोहोचली होती. माडावर चढण्याची विद्या पुस्तकातून येत नाही, बापाच्या मागे झाडावर चढूनच येते. परवाना परत आला, चढणारा परत आला नाही. पुढे पर्यटन वाढले तेव्हा हरिहरेश्वर-दिवेआगरच्या वाटेवरील प्रवाशाच्या हाती आली ती कारखान्यातील बाटलीबंद बिअर. मद्यांशाने ती माडीच्या जवळची, पण गावाशी तिचे काही नाते नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या याच किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा मोठ्या प्रमाणावर आडव्या झाल्या. आजोबांच्या काळातले उंच माड मुळासकट उपटले गेले. त्या जागी लावलेल्या उंच जातीच्या रोपाला पहिली पोय येण्यास सर्वसाधारणपणे सहा-सात वर्षे लागतात. तोवर नारळ की माडी, हा बागायतदाराचा जुना हिशेब त्या बागांपुरता मांडताच येत नाही.