कर्करोग कसा होतो, कसा ओळखतात, उपचार कुठे? उज्जैनच्या अनुभवातून समजून घ्या

उज्जैन : गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढायची, सुई लावली की पसरते म्हणून तपासणी टाळायची. या दोन समजुतींत मोलाचे महिने जातात. तपासणीच्या सुईने कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे. उलट तुकडा तपासल्याशिवाय (बायोप्सी) निदान पक्कं होत नाही.

कसा होतो?
पेशींनी कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे जनुकं ठरवतात. तंबाखू, काही विषाणू, किरणोत्सर्ग आणि वाढतं वय यांमुळे जनुकांत बिघाड साचतो आणि पेशी थांबेनाशा होतात. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. जी शेजारच्या भागात घुसते, रक्तातून किंवा लसिकेतून दूर पोचते, ती कर्करोगाची.

प्रकार आणि टप्पे
त्वचा व अवयवांच्या अस्तरात होतो तो कार्सिनोमा. तोंडाचे, स्तनाचे बहुतेक कर्करोग यातले. हाडं, स्नायूंचा सार्कोमा, रक्ताचा ल्युकेमिया, लसिका ग्रंथींचा लिम्फोमा. स्तनाचा कॅन्सर हाडात गेला तरी तो स्तनाचाच मानतात, औषधही त्यानुसारच. गाठींच्या बहुतेक कर्करोगांत आजार किती पसरला, यावरून टप्पा १ ते ४ ठरतो.

उपचार
शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी, तसंच निवडक रुग्णांना हार्मोन, टार्गेटेड किंवा इम्युनोथेरपी. अनेकदा दोन-तीन उपचार जोडून देतात.

माळव्यातले रुग्ण मुंबईच्या टाटा मेमोरियलची (स्थापना १९४१) वाट धरतात. पण केमोच्या प्रत्येक फेरीला एवढा प्रवास म्हणजे रोजगार बुडतो, मग उपचार अर्धवट सुटतो. यावर उज्जैनच्या जिल्हा रुग्णालयात वाट निघाली. कर्करोगतज्ज्ञ डॉ. दिनेश पेंढारकर यांच्या पुढाकारातून तिथल्या डॉक्टर-परिचारिकांनी केमो देणं सुरू केलं. २०१४ पासून मध्य प्रदेशाने हीच पद्धत इतर जिल्हा रुग्णालयांत नेली. योजना मोठ्या केंद्रात ठरते, पुढच्या फेऱ्या घराजवळ होतात. रेडिएशनसाठी मात्र मोठं केंद्र गाठावंच लागतं.

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड दुसऱ्या सहभागी राज्यातल्या नोंदणीकृत रुग्णालयातही चालतं.

केव्हा जायचं?
तोंडातला व्रण दोन आठवड्यांत बरा न होणं, तोंडात पांढरा-लाल चट्टा, स्तनात गाठ, पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव, विनाकारण वजन घटणं. यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरकडे जा, दुखण्याची वाट पाहू नका.