वर्णनलेखनाच्या दोन परंपरा : स्थानपोथीपासून हर्सूलपर्यंत

मराठीच्या अध्यापनात वर्णनात्मक निबंधाला जुने स्थान आहे. परंतु वर्णन शिकवावयाचे म्हणजे नेमके काय शिकवावयाचे, हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने तपासून पाहण्याजोगा आहे. आपल्याकडे वर्णनाच्या दोन परंपरा नांदल्या आणि शाळेने त्यांपैकी एकच उचलली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिली परंपरा संस्कृत काव्यशास्त्राची. महाकाव्यात नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, सूर्योदय इत्यादींची वर्णने असावीत, असे दंडीने 'काव्यादर्शा'त सांगितले. विषय सर्वज्ञात, कवीचे कौशल्य तो नव्या अलंकाराने मांडण्यात. महाकाव्यापुरता हा संकेत यथायोग्यच होता. तो वर्गातील निबंधात उतरला, तेव्हा मात्र प्रतिभा गळाली आणि यादी तेवढी उरली. पावसाळा म्हटला की धरणीचा हिरवा शालू, पहाट म्हटली की सोनेरी किरणे! असा निबंध विद्यार्थ्याला डोळे मिटूनही लिहिता येतो.

दुसरी परंपरा मराठी गद्याच्या उगमाशीच भेटते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी प्रत्यक्षदर्शींकडून मिळवून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे त्याच महानुभाव पंथात 'स्थानपोथी' तयार झाली. पैठण, वेरूळ अशा ज्या ज्या ठिकाणी चक्रधरांचा वास घडला, तेथील देवळे कोणत्या दिशेस, त्यांची दारे कोणत्या मुखाची, स्वामींचे आसन नेमके कोठे, याची ती नोंद आहे. शोभेची विशेषणे तीत नाहीत. याचे कारण तिच्या प्रयोजनात आहे. स्थानवंदनास निघालेल्या भाविकाला ती जागा सापडली पाहिजे. वर्णन चुकले तर त्याचे मस्तक भलत्याच ठिकाणी टेकेल. ज्याला वर्णनाचा उपयोग करावयाचा आहे असा वाचक समोर असल्यामुळेच हे गद्य काटेकोर झाले. त्यातील अनेक वास्तू काळाच्या ओघात नष्ट झाल्या. तत्कालीन मंदिरांच्या अभ्यासकाला आज तीच पोथी साधन म्हणून उपयोगी पडते.

एकोणिसाव्या शतकात गोविंद नारायण माडगावकरांच्या 'मुंबईचे वर्णन' (1863) या ग्रंथात ही माहितीनिष्ठ दृष्टी नव्या नगराच्या संदर्भात पुन्हा दिसते.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. निजामी राजवटीत शिक्षणात उर्दूचे वर्चस्व होते; 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. 1948 मध्ये ही राजवट संपली. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाचा पाया रचला आणि 1958 साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. घराण्यात प्रथमच लेखणी हाती धरणारे विद्यार्थी या वर्गांत आले. त्यांच्यापाशी शेताचे, वाड्या-वस्त्यांचे, कष्टांचे शब्द होते. सांकेतिक यादीत त्या शब्दांना जागा नव्हती. तीच यादी 'चांगली भाषा' म्हणून शिकविणे म्हणजे विद्यार्थ्याला त्याच्या अनुभवाविषयी मुके करणे होय. पुढे दलित साहित्याने हे मौन मोडले, तेव्हा त्या जीवनाचे तपशीलवार वर्णन हेच त्याचे एक मोठे सामर्थ्य ठरले.

अध्यापनाची दिशा यावरून सुचते. शहराच्या उत्तरेस, अजिंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर हर्सूल आहे. तेथील तलावावर निबंध सांगितल्यास पहिल्या परंपरेचा विद्यार्थी आरशासारखे पाणी आणि कमळे लिहील; तेथे कमळे आहेत की नाहीत, हे तो पाहणार नाही. त्याऐवजी त्याला तलावाच्या काठी उभे करावे आणि विचारावे : तू कोठे उभा आहेस? बांध कोणत्या अंगास आहे? पाणी कोठपर्यंत आले आहे आणि पूर्वी कोठपर्यंत होते, याची खूण कोणती? काठावर कोण काय करीत आहे, आणि त्या कामाला तुझ्या घरी कोणता शब्द आहे? मग तो निबंध दुसऱ्याच्या हाती देऊन त्याला त्या जागी जाऊन उभे राहता येते का, हे पाहावे. अलंकाराला मज्जाव नाही. त्याने फक्त दर्शनानंतर यावे. स्थानपोथीकाराने वाचकाला योग्य दारापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी मानली होती. वर्णनलेखनाचा पहिला पाठ तोच असावा.