न्यूर्नबर्गचं केशर
दिवाळीत श्रीखंडासाठी केशर खलायला घेतलं, की मला न्यूर्नबर्ग आठवतं. मध्ययुगात ही मसाल्यांची मोठी पेठ. केशर इतकं महाग, की भेसळ व्हायचीच. म्हणून शहराने खास तपासनीस नेमले होते. १४४४ मध्ये योब्स्ट फिंडेकर नावाच्या माणसाला त्याच्या भेसळीच्या केशरासकट जाळलं! १४५६ मध्ये आणखी दोघांना जाळलं, एका बाईला तर जिवंत पुरलं. शिक्षा भयंकरच. पण एका फुलात तंतू फक्त तीन, ग्रॅमभर केशराला दीडेकशे फुलं; मोह होणारच की!

मागे आईने हौसेने बरोबर दिलेलं केशर दुधात टाकताक्षणी दूध लालभडक झालं. खरं केशर सावकाश, पिवळा रंग सोडतं. डबी गुपचूप टाकून दिली. आईला मात्र फोनवर सांगितलं, “श्रीखंड फक्कड झालं.”