हंसपदापासून कर्सरपर्यंत

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे मुकुंदराजांचे गाव, तसेच दासोपंतांचेही (१५५१-१६१५). पंचीकरणावरची दासोपंतांची एक रचना कागदावर नाही, तर पासोडीवर, म्हणजे लांबच लांब जाड कापडावर लिहिलेली आहे. ह्या पासोडीचा विचार करताना आम्हांला एक साधा प्रश्न पडतो. लिहिता लिहिता मधलेच एखादे अक्षर राहून गेले, तर लिहिणाऱ्याने काय करावे? शाई वाळल्यावर पुढची अक्षरे काही सरकून जागा देत नाहीत.

आता त्याच जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेचा संगणक कक्ष डोळ्यांसमोर आणा. एक विद्यार्थी पायथन भाषेत प्रोग्राम लिहीत आहे. अवतरणचिन्हांत त्याने ‘शिक्षिका’ हा शब्द लिहिला. दुरुस्तीसाठी तो पहिल्या वेलांटीच्या आणि श च्या मधोमध माउसने क्लिक करतो. कर्सर तिथे जातच नाही. मग ‘शि’च्या पुढे क्लिक करून तो बॅकस्पेस दाबतो, तर श तसाच राहतो आणि फक्त वेलांटी पुसली जाते. ‘‘सर, कॉम्प्युटर बिघडला!’’ असे तो म्हणतो. आपण काय उत्तर द्याल?

संगणक बिघडलेला नाही आणि मराठीतही काही खोट नाही. ओळीत नवे अक्षर कुठे शिरू शकते, हा प्रश्न हस्तलिखितांइतका जुना आहे. त्याची वेगवेगळ्या काळांत वेगवेगळी उत्तरे दिली गेली, आणि विद्यार्थ्याला जे दिसले ते त्यांपैकीच एक आहे.

कावळ्याचा पाय, हंसाचा पाय

अशोकाच्या शिलालेखांत राहून गेलेली अक्षरे ओळीच्या वर किंवा खाली कोरलेली आढळतात, पण ती नेमकी कुठे वाचायची ह्याची खूण नसते. पुढे अशी खूण रूढ झाली. तुटलेल्या जागी छोटी फुली किंवा कोन काढायचा आणि राहिलेली अक्षरे ओळीच्या वर किंवा समासात लिहायची. ह्या खुणेला काकपद किंवा हंसपद म्हणतात. मुद्रितशोधक आजही हीच खूण वापरतात. तिचे इंग्रजी नाव कॅरेट असे आहे. ते लॅटिनमधून आले असून त्याचा अर्थ ‘उणे आहे’ असा होतो.

जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची पद्धत नव्हती. अक्षराला अक्षर लागून ओळ पुढे जाई. त्यामुळे हंसपद दोन अक्षरांच्या मध्ये येई. अक्षर म्हणजे काय, हे लेखनिकाला कोणी सांगावे लागत नसे. ‘क्षि’ हे त्याच्या लेखी एक अक्षर होते.

माउसपासून जिप्सीपर्यंत

‘कर्सर’ हा शब्दही लॅटिनच आहे. त्याचा अर्थ धावणारा. संगणकाच्या आधी हे नाव स्लाइड रूलवर सरकणाऱ्या, मध्ये बारीक रेघ असलेल्या काचेच्या पट्टीला होते. आमच्या ज्येष्ठ वाचकांना ती आठवत असेल.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट ह्यांनी पडद्यावरील मजकुरात माउसने जागा दाखवून फेरफार करण्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ब्राव्हो नावाचा संपादक तयार झाला. (येथे संपादक म्हणजे मजकूर लिहिण्याचा व सुधारण्याचा प्रोग्राम.) ब्राव्होमध्ये आधी आज्ञा द्यायची आणि मग लिहायचे अशी रीत होती. त्यामुळे एक गमतीदार अपघात संभवत असे. आज्ञा देण्याच्या अवस्थेत चुकून ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला, तर ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवे लेखन सुरू होई, आणि सगळ्या मजकुराच्या जागी उरे एकटा ‘टी’!

ह्याच केंद्रात लॅरी टेस्लर (१९४५-२०२०) काम करीत होते. त्यांनी नुकत्याच रुजू झालेल्या एका सेक्रेटरी बाईंना कोऱ्या पडद्यासमोर बसवले, हातांनी दुरुस्त्या केलेला एक कागद दिला आणि ‘ह्या दुरुस्त्या तुम्ही पडद्यावर कशा कराल?’ असे विचारले. अक्षरे घालायची असतील तिथे बोट दाखवीन आणि टंकीन, अशा अर्थाचे सरळ उत्तर बाईंनी दिले. टेस्लर आणि टिम मॉट ह्यांनी १९७५ च्या सुमारास तयार केलेला ‘जिप्सी’ हा संपादक ह्याच रीतीने चाले. दोन अक्षरांच्या मध्ये क्लिक करायचे आणि लिहू लागायचे. जिप्सी बनवला गेला तो जिन अँड कंपनी ह्या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेसाठी. म्हणजे मुद्रितशोधकांच्या टेबलावरचे हंसपदच पडद्यावर आले, आणि ह्या वेळी पुढची अक्षरे आपणहून सरकून जागा देऊ लागली.

क्लिक केल्यावर काय घडते?

माउस संगणकाला फक्त दोन संख्या देतो, एक आडवे अंतर आणि एक उभे अंतर. उभ्या अंतराला ओळीच्या उंचीने भागले की ओळ कळते. आडव्या अंतराचे काय? प्रोग्राम लिहिण्याच्या संपादकांत बहुधा सर्व रोमन अक्षरे सारख्या रुंदीची असतात. समजा, प्रत्येक अक्षर १० ठिपके रुंद आहे आणि आपण ३७ व्या ठिपक्यावर क्लिक केले. ३७ भागिले १० म्हणजे ३.७. ही संख्या जवळच्या पूर्णांकात घेतली की ४ येते, म्हणून कर्सर चौथ्या अक्षरानंतर उभा राहतो. ३४ व्या ठिपक्यावर क्लिक केले असते, तर तो तिसऱ्यानंतर थांबला असता. थोडक्यात, अक्षराच्या डाव्या अर्ध्या भागावर क्लिक केले की कर्सर अक्षराआधी येतो, आणि उजव्या अर्ध्या भागावर केले की नंतर. ओळ संपल्यावरच्या मोकळ्या जागेत क्लिक केले, तर बहुतेक संपादक त्याला ओळीच्या शेवटी नेतात.

ह्या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे. एक संकेत म्हणजे एक अक्षर, आणि एक अक्षर म्हणजे एक चौकट. रोमन लिपीत ते बहुतांशी चालून जाते. देवनागरीत नाही.

वेलांटी आधी की नंतर?

मराठी टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवत आणि मग व्यंजन. डोळ्यांना जो क्रम दिसतो तोच बोटांचा क्रम असे. संगणकासाठी भारतीय लिप्यांचा विचार करणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेलेले जिस्ट तंत्रज्ञान, तसेच १९९१ सालचे ‘इस्की’ हे भारतीय मानक, ह्यांनी उच्चाराचा क्रम स्वीकारला. आधी श, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी डावीकडे नेण्याचे काम यंत्राचे. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडनेही देवनागरीसाठी हाच क्रम घेतला.

म्हणूनच विद्यार्थ्याचा कर्सर वेलांटी आणि श च्या मध्ये शिरत नाही. पडद्यावर जी वेलांटी आधी आहे, ती साठवणीत नंतर आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या त्या फटीला साठवणीत जागाच नाही.

मग जागा किती? ‘शिक्षिका’ ह्या शब्दात युनिकोडचे ८ संकेत आहेत: श, वेलांटी, क, हलन्त, ष, वेलांटी, क, काना. पायथनला शब्दाची लांबी विचारली तर तो ८ हेच उत्तर देतो. संकेत हा घटक मानला, तर दोन्ही टोके धरून कर्सरला ९ जागा मिळतात. वर्गातली मुले मात्र शि, क्षि, का अशी ३ अक्षरे मोजतील, म्हणजे जागा ४. युनिकोडच्या सर्वसाधारण नियमानुसार वेलांटी-काना व्यंजनाला जोडलेले असत, पण जोडाक्षर हलन्तापाशी तुटे. शि, क्, षि, का असे ४ तुकडे होत. २०२३ साली आलेल्या युनिकोडच्या १५.१ ह्या आवृत्तीत हा नियम बदलला. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर आता एकसंध मानले जाते. पोथी लिहिणारा जे न सांगता जाणत होता, तिथपर्यंत यायला मानकाला ३२ वर्षे लागली.

नियम बदलला म्हणून सगळे संपादक एका रात्रीत बदलत नाहीत. शिवाय अक्षराचे तुकडे करता येणे प्रसंगी सोयीचेही असते. ‘शि’ची ‘शी’ करायची, तर फक्त वेलांटी पुसलेली बरी. म्हणून अनेक संपादक दोन्ही रीती पाळतात. कर्सर अख्खे अक्षर ओलांडतो, बॅकस्पेस मात्र एकेक संकेत पुसतो. विद्यार्थ्याला जे कोडे वाटले, ते असे विचारपूर्वक ठरवलेले होते.

वर्गात करून पाहा

फळ्यावर ‘शिक्षिका’, ‘स्थिती’, ‘अंबाजोगाई’ हे शब्द लिहा. आधी मुलांकडून अक्षरे मोजून घ्या. मग उपलब्ध असतील ते दोन-तीन संपादक उघडून, बाणाची कळ किती वेळा दाबल्यावर कर्सर शब्द ओलांडतो ते मोजू द्या. उत्तरे जुळली नाहीत तर ‘संगणक चुकला’ असे म्हणून थांबू नका. ह्या संपादकाने अक्षर कशाला मानले आहे, असा प्रश्न मुलांना विचारा.

रोमन लिपीत शिकणाऱ्या मुलाला हा प्रश्न सहसा पडतच नाही. आपल्या मुलांना तो पहिल्याच क्लिकला पडतो. ती अडचण मानली, तर मूल प्रोग्राममध्ये मराठी लिहिणे सोडून देते. प्रश्न मानला, तर लिपी, संकेत आणि यंत्र ह्यांचे नाते त्याला कळू लागते. हे नियम माणसांनी ठरवले आणि माणसांनीच बदलले. पुढचे बदल करणारी व्यक्ती आपल्याच वर्गातली का असू नये?